आकाशातील डोळा आणि जमिनीवरची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

विद्यार्थ्यांच्या स्पर्धा हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावा, याचे काहींना नवल वाटेल. वक्तृत्वस्पर्धांतून आणि निबंधस्पर्धांतून चळवळीला कार्यकर्ते मिळाले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. परंतु आज ज्या स्पर्धांचा विचार करावयाचा आहे त्यांत व्यासपीठ नाही आणि टाळ्याही नाहीत. तेथे संगणकासमोर बसलेली विशीतली मुले असतात, आणि त्यांच्यापुढे पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या प्रतिमा असतात. जंगल कोठे तुटले, पुराचे पाणी कोठवर चढले, कोणता डोंगर सरकतो आहे, कोणत्या वस्तीत रात्री दिवा लागत नाही, हे त्या प्रतिमांवरून ओळखावयाचे असते. ज्याचे उत्तर अधिक अचूक त्याला बक्षीस. अशा स्पर्धा आता जगभर होतात. विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची दूरसंवेदन शाखा २००६ पासून अशी स्पर्धा घेत आली आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने २०१२ साली 'स्पेस ॲप्स' हा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे केंद्र सरकारची 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' २०१७ पासून भरते, आणि 'इस्रो'ने २०२४ साली विद्यार्थ्यांसाठी 'भारतीय अंतरिक्ष हॅकेथॉन' आयोजित केली.

यात समाजवाद्याने लक्ष घालावे असे काय आहे? उत्तर साधे आहे. जमीन कोणाची, जंगल कोणाचे, पडीक कशाला म्हणावयाचे आणि धोक्यात कोण आहे, हे प्रश्न पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात आणि वनखात्याच्या नकाशांत सुटत किंवा अडकत असत. आता ते वाढत्या प्रमाणात उपग्रहाच्या प्रतिमेवर सुटू किंवा अडकू लागले आहेत. ती प्रतिमा वाचणारी पिढी या स्पर्धांतून घडते आहे. ती काय वाचावयास शिकते आणि काय वगळावयास शिकते, याच्याशी डोंगरातल्या कातकऱ्याचा आणि माळावरच्या धनगराचा थेट संबंध आहे.

प्रथम या विद्येचे स्वरूप थोडक्यात पाहू. प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशाचा काही भाग शोषतो आणि काही परत पाठवतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंतील फरक मोजला की झाडोरा किती दाट आणि किती निरोगी आहे याचा अंदाज येतो. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, म्हणून ते प्रतिमेत काळे दिसते. रडारचे उपग्रह स्वतःच लहरी पाठवतात आणि परतलेल्या लहरी मोजतात; त्यांना ढगांचा आणि रात्रीचा अडथळा होत नाही, आणि जमीन काही सेंटिमीटरांनी खचली तरी ते त्यांना कळू शकते.

प्रतिमा लहान लहान चौकोनांची बनलेली असते आणि एका चौकोनाला एकच रंगमूल्य मिळते. त्या चौकोनाचा आकार आपल्या मापात सांगितला तर सारा विषय उलगडतो. १९७२ च्या जुलैमध्ये अमेरिकेने सोडलेल्या पहिल्या 'लँडसॅट' उपग्रहाचा चौकोन सुमारे ८० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ दीड एकराचा होता. भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांवरील ज्या कॅमेऱ्याच्या प्रतिमा सरकारी कामात वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरांचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा. युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांचा सर्वांत लहान चौकोन १० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दीड एकराला एकच रंग देणाऱ्या यंत्राला पाच गुंठ्यांची नाचणी दिसत नाही. यात यंत्राचा दोष नाही. परंतु यंत्राला दिसली नाही म्हणून ती नाचणी नव्हतीच, असे जेव्हा कचेरीत ठरते, तेव्हा तो दोष माणसांचा असतो.

आता दुसरा मुद्दा. या प्रतिमा विद्यार्थ्यांच्या हाती आल्या कशा? बाजाराने दिल्या असा समज असेल तर तो इतिहासाला धरून नाही. १९८४ साली रेगन राजवटीत अमेरिकी काँग्रेसने कायदा करून 'लँडसॅट'च्या प्रतिमांची विक्री खाजगी कंपनीकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा केला. परिणामी एका प्रतिमेची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली. सार्वजनिक पैशाने उडवलेल्या उपग्रहाची चित्रे विद्यापीठांना परवडेनाशी झाली, आणि संशोधक एकेका प्रतिमेवर वर्षानुवर्षे गुजराण करू लागले. हा प्रयोग फसला. १९९२ साली कायदा बदलावा लागला, आणि २००८ साली संपूर्ण संग्रह सर्वांना विनामूल्य खुला करण्यात आला. त्याआधी सर्वाधिक विक्रीच्या वर्षीही सुमारे पंचवीस हजार प्रतिमा खपल्या होत्या. खुले झाल्यावर हा आकडा वर्षाला लाखांच्या घरात पोहोचला. अमेरिकेच्याही आधी, २००४ साली, चीनच्या सहकार्याने उडवलेल्या उपग्रहाच्या प्रतिमा ब्राझीलने मोफत वाटावयास सुरुवात केली होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. पुढे युरोपीय संघाने 'सेंटिनेल' मालिकेच्या प्रतिमा प्रारंभापासूनच मुक्त ठेवल्या.

याचा अर्थ असा की, आजची प्रत्येक विद्यार्थी-स्पर्धा एका सार्वजनिक निर्णयाच्या पायावर उभी आहे. ज्ञानाचे साधन सामाजिक मालकीचे झाले तेव्हाच सामान्य घरातील मुलाला त्याला हात लावता आला. सार्वजनिक क्षेत्राला नावे ठेवण्याची आज पद्धत झाली आहे. म्हणून हे उदाहरण कार्यकर्त्यांनी पाठच करून ठेवावे.

तथापि, साधन खुले झाले म्हणून प्रश्नही खुले होतात असे नाही. स्पर्धेत काय विचारावयाचे आणि उत्तर कसे जोखावयाचे, हे ठरवणारा वेगळाच असतो. यासाठी एका गाजलेल्या स्पर्धेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती केवळ विद्यार्थ्यांसाठी नव्हती; परंतु विद्यार्थी-स्पर्धांना आज जो साचा मिळाला आहे तो अशाच स्पर्धांतून आलेला आहे.

२०१७ साली 'प्लॅनेट' या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपग्रह कंपनीने 'कॅगल' या स्पर्धांच्या व्यासपीठावर अॅमेझॉनच्या अरण्याविषयी स्पर्धा ठेवली. अॅमेझॉन खोऱ्याच्या प्रतिमांचे लहान लहान तुकडे केले गेले. त्यांपैकी सुमारे चाळीस हजार तुकडे उत्तरांसह स्पर्धकांना दिले, आणि उरलेल्यांची उत्तरे झाकून ठेवली. एकूण सतरा चिठ्ठ्या होत्या: ढगाळ, निरभ्र, मूळ अरण्य, शेती, रस्ता, पाणी, वस्ती, फिरती शेती, निवडक वृक्षतोड, जाळून साफ केलेली जमीन, छोट्या खाणकामगारांची खाण, मोठी खाण इत्यादी. प्रत्येक तुकड्यावर यांतल्या कोणत्या चिठ्ठ्या लागू होतात हे संगणकाला शिकवावयाचे होते. नऊशेहून अधिक संघांनी भाग घेतला. त्यांच्या पद्धतींत नवे पुष्कळ होते, यात शंका नाही.

पण त्या चाळीस हजार तुकड्यांत मूळ अरण्याची चिठ्ठी सदतीस हजारांहून अधिक तुकड्यांवर होती. निवडक वृक्षतोडीची आणि छोट्या खाणीची चिठ्ठी प्रत्येकी साडेतीनशेहूनही कमी तुकड्यांवर. आणि मोठ्या खाणीची चिठ्ठी जेमतेम शंभरांवर. ज्या गोष्टींसाठी अॅमेझॉनवर पहारा ठेवावयाचा, त्याच गोष्टी सर्वांत विरळ होत्या. गुण मात्र एकेका तुकड्याच्या उत्तरांची सरासरी काढून दिले जात. म्हणजे अरण्य, ढग, नदी आणि रस्ता बिनचूक ओळखणारा संघ खाणींच्या बाबतीत बराचसा चुकला, तरी त्याच्या गुणांना फारसा धक्का लागत नसे. स्पर्धकाचे शहाणपण गुणांच्या मागे धावते, हे स्वाभाविकच आहे. दशांश चिन्हापुढच्या चौथ्या स्थळावर क्रमांक ठरू लागले की, आणखी दहा पद्धतींची सरासरी काढण्यात रात्री जातात. चिठ्ठी लावणारा बरोबर होता काय, हे विचारण्यास वेळ उरत नाही.

आणि चिठ्ठी लावणारा कोण होता? प्रतिमा पाहून दूरच्या शहरांत बसलेली माणसे. 'फिरती शेती' आणि 'जाळून साफ केलेली जमीन' यांतील सीमा त्यांनी आकाशातून पाहून ठरवली. ज्या कुटुंबाने ती जमीन जाळली ते पिढ्यान्पिढ्या तेथे राहणारे होते, की जमीनदाराने धाडलेली टोळी होती, हे प्रतिमेत दिसत नाही. धूर दोघांचाही सारखाच. न्यायाच्या दृष्टीने मात्र सारा फरक तेथेच आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी चिठ्ठ्यांत चुका आहेत हे प्रामाणिकपणे मान्य केले होते. प्रश्न एका आयोजकाच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. ज्या परीक्षेचे उत्तरपत्रक दूरवर बसून तयार होते, तिच्यात पहिला आलेला विद्यार्थी उत्तरपत्रकाशी सहमत असतो, एवढेच सिद्ध होते.

याच्या उलट, त्याच ब्राझीलमध्ये मोजमापाची एक सार्वजनिक परंपरा उभी राहिली. तेथील राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षी अॅमेझॉनमधील जंगलतोड मोजते. २००४ पासून तिने तातडीची सूचना देणारी दुसरी यंत्रणाही सुरू केली. आकडे लोकांसमोर ठेवले गेले. २००४ साली जवळजवळ २७,८०० चौरस किलोमीटर असलेली वार्षिक जंगलतोड २०१२ पर्यंत ४,६०० चौरस किलोमीटरांच्या आसपास उतरली. हे केवळ उपग्रहाने घडले नाही. कायद्याची अंमलबजावणी, राखीव क्षेत्रे, आदिवासींच्या भूमींना मान्यता आणि कर्जांवरील निर्बंध यांचा त्यात वाटा होता. परंतु आकडा लपवता येत नव्हता, म्हणून अंमलबजावणीलाही पळवाट उरली नाही.

पुढे सत्ता बदलली. २०१९ च्या जुलैत जंगलतोडीचे वाढते आकडे प्रसिद्ध होताच राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे असल्याचा आरोप केला. संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाँव यांनी त्याला जाहीर उत्तर दिले, आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांना पद सोडावे लागले. त्या वर्षीची अंतिम आकडेवारी आली तेव्हा जंगलतोड दहा हजार चौरस किलोमीटरांच्या वर गेली होती. संचालक गेले, आकडा राहिला. आकडा राहिला याचे कारण प्रतिमा खुल्या होत्या आणि त्या कोणालाही तपासता येत होत्या. स्पर्धांतून शिकलेल्या मुलांचे खरे सार्वजनिक मूल्य येथे दिसते. सरकारी आकडा स्वतंत्रपणे पडताळू शकणारे हजारो तरुण देशात असणे, हे लोकशाहीचे एक संरक्षण आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ लोकांच्या प्रश्नातून झाला, हे अभिमानाने सांगता येते. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाच्या बागांना ग्रासणाऱ्या मर रोगाचा शोध घेतला होता. १९७९ साली 'भास्कर', १९८८ साली 'आयआरएस-१ए' हे उपग्रह अवकाशात गेले. त्याच १९८८ साली नागपूरला महाराष्ट्र दूरसंवेदन केंद्र स्थापन झाले. भूजल, पीकपाणी, पूर, दुष्काळ यांसाठी हे साधन वापरावे, ही धोरणाची दिशा होती.

तथापि, चिठ्ठी कोणी लावावयाची हा प्रश्न येथेही सुटलेला नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा पहिला अहवाल १९८७ साली निघाला. तिच्या प्रचलित व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या भूभागावर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांहून अधिक असते, तो वनाच्छादनात मोजला जातो. मालकी कोणाची आणि झाड कोणते हे पाहिले जात नाही. त्यामुळे नारळाची बाग, रबराची लागवड आणि सह्याद्रीतील देवराई एकाच रकान्यात येतात. देवराई तुटली आणि दुसरीकडे निलगिरी लावली, तर बेरीज बिघडत नाही.

दुसरीकडे, ज्यावर झाड नाही ते 'पडीक' या रकान्यात जाण्याचा धोका असतो. कोकणातील कातळसडे उन्हाळ्यातील प्रतिमेत उघडे खडक दिसतात. पावसाळ्यात तेच सडे फुलतात, त्यांच्यावर गुरे चरतात, त्यांच्यात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळते, आणि रत्नागिरीच्या सड्यांवर तर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. दख्खनच्या गवताळ माळांचीही हीच गत. धनगरांच्या मेंढ्यांचे कुरण आणि माळढोकाचे घर कागदावर ओसाड ठरते. आणि एकदा ओसाड ठरले की ते एखाद्या प्रकल्पाला देताना कोणाचे काही गेले असे कागदावर दिसत नाही. प्रतिमेचा महिना चुकला तर माणसांची उपजीविका पुसली जाते.

सर्वांत गंभीर उदाहरण वनहक्कांचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. दावे दाखल झाले. अनेक ठिकाणी कचेऱ्यांनी त्या सुमाराची उपग्रह-प्रतिमा काढली, प्लॉटच्या जागी झाडोरा पाहिला, आणि दावा फेटाळला. रायगडच्या दळी जमिनी किंवा सह्याद्रीच्या उतारावरील वरकस जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातील अन्याय सांगावा लागत नाही. नाचणी-वरीचा तुकडा काही वर्षे कसावयाचा आणि मग काही वर्षे विश्रांतीला सोडावयाचा, ही तेथील शेतीची रीतच आहे. विश्रांतीच्या वर्षी त्यावर झुडपे माजतात आणि साडेपाच गुंठ्यांचा चौकोन त्यांना जंगल म्हणतो. म्हणूनच २०१२ साली या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि उपग्रह-प्रतिमा हा इतर पुराव्यांना पूरक पुरावा ठरू शकेल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही केवळ प्रतिमेच्या आधारे दावे फेटाळण्याची पद्धत अमान्य केली. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा दहा लाखांहून अधिक दावे त्या यादीत होते. देशभर निदर्शने झाली, आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत लक्षावधी कुटुंबांच्या मनावर काय गुजरले असेल, हे कोणत्याही प्रतिमेत उमटलेले नाही.

याच नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात काही ग्रामसभांनी आपल्या जमिनी स्वतः यंत्राने मोजल्या आणि त्या आखण्या उपग्रह-प्रतिमांवर मांडून दाखवल्या. जे चित्र दावा बुडवण्यास वापरले जात होते, तेच चित्र दाव्याच्या बाजूने उभे राहिले. साधन तेच, ते धरणारा हात बदलला.

आणि मग जोशीमठ. २०२३ च्या जानेवारीत उत्तराखंडातील हे गाव खचू लागले, घरांना भेगा पडल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत सुमारे ५.४ सेंटिमीटर जमीन खचल्याचे प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत तो अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला, आणि सरकारी संस्थांनी वृत्तपत्रांशी बोलू नये असे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कळवले. ज्यांच्या घराखालची जमीन सरकत होती त्यांनाच ती किती सरकली हे कळू नये, असा हा कारभार! लोक घाबरतील, हे कारण सांगण्यात आले. भेगा पाहून लोक घाबरलेलेच होते. आकडा कळला असता तर निदान ते शहाणपणाने घाबरले असते. आपल्याकडे माळीणने २०१४ साली आणि इर्शाळवाडीने २०२३ साली जे भोगले, त्यानंतर डोंगरउतारांविषयीची माहिती ही गुप्त ठेवण्याची वस्तू आहे असे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

तेव्हा करावयाचे काय? स्पर्धांवर बहिष्कार घालणे हा वेडेपणा ठरेल. मुलांचा उत्साह खरा आहे, विद्या खरी आहे, आणि प्रश्नही कधी कधी खरोखर मोलाचे असतात. अभियंत्यांच्या ज्या स्पर्धेचा आरंभी उल्लेख झाला, तिने २०२१ साली आफ्रिकेतील विजेवाचून राहणाऱ्या वस्त्या शोधण्याचा प्रश्न दिला होता. गरिबाची वस्ती दिसावी म्हणून उपग्रहाचा डोळा वापरणे, हे योग्य दिशेचे पाऊल होते. त्या पावलाला जमिनीचा आधार देणे आपल्या हाती आहे.

याची परंपरा आपल्याच देशात आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी केरळ शास्त्र साहित्य परिषद आणि तिरुवनंतपुरमचे भूविज्ञान केंद्र यांनी मिळून पंचायतींच्या साधनसंपत्तीचे नकाशे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी हे त्यातले नावाजलेले गाव. गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकडूनच जमीन, पाणी आणि पीक यांची नोंद भूमापन नकाशांवर करून घेतली गेली. शास्त्रज्ञ सोबत होते, मालक नव्हते. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेला या अनुभवाचा आधार मिळाला. पश्चिम घाटाच्या वादातही हाच धडा आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली ग्रामसभांपासून चर्चा सुरू करा असे सुचवले. २०१३ च्या कस्तुरीरंगन गटाने उपग्रह-प्रतिमांच्या आधारे गावांची यादीच तयार केली. दुसऱ्या गटाचे नकाशे अधिक बारीक होते. तरीही, विचारल्यावाचून यादीत आलेल्या गावांत विरोधच उभा राहिला. नकाशाच्या बारकाईने संमतीची उणीव भरून निघत नाही.

म्हणून चार गोष्टी सुचवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट प्रश्नांची. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत अशा स्पर्धा भराव्यात, आणि प्रश्न ग्रामसभांकडून, पाणीवापर संस्थांकडून, मच्छीमारांच्या सोसायट्यांकडून मागवावेत. कोणत्या नदीत कारखान्याचे पाणी कोठे मिसळते, खाडीतील कांदळवन कोणत्या वर्षी कोठे तुटले, कोणत्या तळ्यावर भराव पडला, हे गावाला ठाऊक असते. त्याला पुरावा हवा असतो. खुल्या प्रतिमांत कित्येक वर्षांचा पुरावा पडून आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. शंभरातले निदान चाळीस गुण जागेवरील पडताळणीला असावेत. विद्यार्थ्याने आपल्या उत्तरातील वीस-पंचवीस चौकोन निवडून तेथे चालत जावे, जमीन कसणाऱ्याला विचारावे, आणि आपण कोठे चुकलो ते लिहावे. विरळ गोष्टींना, म्हणजे खाणीला, भरावाला, तोडीला, अधिक गुण असावेत. ज्याने माहिती दिली त्या शेतकऱ्याची किंवा गुराख्याची नोंद त्याच्या संमतीने अहवालात व्हावी. त्याला धोका संभवत असेल तर ती गुप्त ठेवावी, कारण खाणमालकाच्या गावात साक्ष देणे सोपे नसते.

तिसरी गोष्ट खुलेपणाची. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने पाच मीटर आणि त्याहून स्थूल प्रतिमा मुक्तपणे उपलब्ध करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. ते तत्त्व जुन्या संग्रहासह पूर्णपणे अमलात यावे आणि त्यावरून काढलेले धोक्याचे निष्कर्ष बाधित लोकांना प्रथम कळावेत, अशी मागणी सातत्याने करावी लागेल. आज विद्यार्थी ज्या संगणकसेवांवर काम करतात त्यांपैकी पुष्कळशा परदेशी कंपन्यांच्या आहेत. त्या आज मोफत आहेत, उद्या असतीलच असे नाही. १९८४ चा अनुभव ताजा ठेवावा.

चौथी गोष्ट भाषेची. ही विद्या मराठीत सांगता येत नाही, हा आळसाचा बहाणा आहे. चौकोनाला गुंठ्याचे माप लावले की चौथी शिकलेल्या शेतकऱ्यालाही प्रतिमेची मर्यादा समजते, आणि मग तो अधिकाऱ्याला योग्य प्रश्न विचारतो. ज्या दिवशी वनहक्क समितीतील एखादी आदिवासी स्त्री, "साहेब, ही प्रतिमा कोणत्या महिन्याची, आणि तिचा चौकोन किती गुंठ्यांचा?" असे विचारील, त्या दिवशी या विद्येचे लोकशाहीकरण सुरू झाले असे म्हणता येईल.

मित्रहो, यासाठी मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयातील एक उत्साही प्राध्यापक, चार संगणक, दहा विद्यार्थी आणि ज्याच्या दाव्यावर 'नामंजूर' असा शिक्का बसला आहे असे एक गाव, एवढ्यावर काम सुरू होते. अशी गावे शोधण्यास उपग्रहाची गरज नाही. ती प्रत्येक कार्यकर्त्याच्या तालुक्यात आहेत. येत्या सुट्टीत त्यांतल्या एका गावाचे फेटाळलेले दावे, त्या वेळच्या प्रतिमा आणि शिवारातील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकत्र ठेवून पाहाव्यात. बक्षीस मिळेल न मिळेल, एखाद्या कुटुंबाला त्याची जमीन परत मिळण्याची शक्यता मात्र निश्चित आहे.